ज्ञानकोशाच्या दारी जपान

गेल्या मार्गशीर्षातील एका सायंकाळी, देवळातील आरती आटोपून आम्ही सभामंडपाच्या पायरीवर टेकलो असता, बेळगावच्या एका महाविद्यालयात शिकणारा निपाणीकडील एक विद्यार्थी चार कागद हाती घेऊन आम्हांस भेटावयास आला. मराठी विकिपीडिया या संगणकावरील मुक्त ज्ञानकोशात तो फावल्या वेळी लेखन करतो. जपानविषयी मराठीत कोणकोणते लेख असावेत याची चाळीस विषयांची यादी त्याने केली होती, आणि तीतील कोणते विषय ठेवावेत व कोणते गाळावेत यावरून त्याचा सोबत्यांशी वाद झाला होता. "वकीलसाहेब, तुम्हीच निकाल द्या," असे म्हणून त्याने कागद आमच्या हाती ठेवले.

यादी वरवर चाळली तेव्हा आम्हांस हसू आले. टोकियोतील रेल्वेस्थानके होती. मुलांच्या चित्रमालिकांतील पंधरा पात्रे होती. चार-पाच देवता होत्या, एक रोग होता, एक लढाई होती. आणि सर्वांत खाली, शिसपेन्सिलीने, एका माणसाचे नाव लिहून पुन्हा खोडलेले होते. ते नाव कोणाचे, असे विचारता मुलगा किंचित घुटमळला. "माझे पणजोबा. ते जपान्यांशी लढले होते," असे तो म्हणाला. त्यानंतर आम्हांस हसू आले नाही. यादी आम्ही घरी नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या यादीवर दिलेल्या निकालाची सविस्तर प्रत होय. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस विकिपीडियाशी काही कर्तव्य नसेल. परंतु ज्यांची नातवंडे शाळेचे निबंध त्यावरूनच उतरवून काढतात, त्यांस त्या कोशात काय शिरते व काय बाहेर राहते हे ठाऊक असलेले बरे.

पूर्वी हा प्रश्न संपादकाच्या मेजावर सुटत असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी मर्यादित कंपनी स्थापून, भागभांडवल गोळा करून, १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठी वाचकांस दिले. त्यांच्या पहिल्याच प्रस्तावनाखंडाचे नाव 'हिंदुस्थान आणि जग' असे आहे. जगातील प्रत्येक वस्तूकडे आपण कोठे उभे राहून पाहतो, हे आधी ठरवावे आणि मग नोंदी निवडाव्यात, हा त्यांचा बाणा त्या नावातच दिसतो. पुढे वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. गोमंतकाच्या सत्तरी तालुक्यात जन्मलेल्या पं. महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध केले. गोवा विद्यापीठाने चार खंडांत कोंकणी विश्वकोश काढला. या सर्वांस कागद, शाई व पैसा यांची मर्यादा होती. जागा थोडी असली की निवड आपोआप होते, आणि चुकलीच तर दोष कोणाला द्यावा हेही वाचकास ठाऊक असते.

१ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियास यांपैकी एकही मर्यादा नाही. तेथे कागद संपत नाही आणि मुख्य संपादकही नाही. २०१५ पासून कोंकणीचाही असाच कोश चालू आहे. जेथे कोणीही लिहू शकतो तेथे कशाविषयी लिहावे याचा नियम असावाच लागतो, आणि तसा तो आहे. मराठीत त्यास 'उल्लेखनीयता' असे म्हणतात. विषयाशी ज्यांचा हितसंबंध नाही अशा विश्वसनीय लेखकांनी त्या विषयाची विस्ताराने दखल घेतलेली असली पाहिजे, हे त्या नियमाचे सार होय. विषय थोर आहे किंवा लोकप्रिय आहे, एवढ्याने भागत नाही. त्याची साक्ष देणारे तिऱ्हाईत लागतात.

या नियमाचे महत्त्व पटविणारे उत्तम उदाहरण जपाननेच पुरविले आहे. १९९६ साली तेथे एका खेळातून 'पोकेमॉन' नावाचे काल्पनिक प्राणी जन्मास आले. इंग्रजी विकिपीडिया बाल्यावस्थेत असताना उत्साही तरुणांनी यांतील एकेका प्राण्यावर स्वतंत्र लेख लिहिला. असे शेकडो लेख झाले. मग एखाद्या गावच्या शाळेचा किंवा अल्पपरिचित कवीचा लेख काढून टाकण्याचा प्रस्ताव येताच तिचे कैवारी म्हणू लागले की, ज्या कोशात प्रत्येक पोकेमॉनला घर आहे तेथे आमच्या शाळेला का नसावे? या युक्तिवादास 'पोकेमॉन कसोटी' असे नाव पडले. न्यायालयात वावरणाऱ्यास यात नवीन काही वाटणार नाही. एक पूर्वनिर्णय सैलपणे दिला गेला की त्याच्या पदराला धरून पन्नास खटले आत येतात. पुढे, २००७ च्या सुमारास, त्यांतील बहुतेक लेख एकत्र करून याद्यांत घातले गेले. म्हणून त्या विद्यार्थ्यास आमचे पहिले सांगणे हेच की, "इंग्रजीत आहे म्हणून मराठीत हवे," हा आधार वर्ज्य समजावा. इंग्रजी कोशात जपानच्या बहुतेक प्रत्येक रेल्वेस्थानकावर लेख आढळतो. तो तेथील लेखकांच्या हौसेचा हिशेब आहे. मराठीत त्याचे भाषांतर केले तर स्थानकाचे नाव, मार्गाचे नाव आणि फलाटांची संख्या अशा तीन ओळी हाती लागतात, आणि चौथी ओळ लिहिणारा पुढे येत नाही. सहाही स्थानके आम्ही गाळली.

चित्रमालिकांतील पात्रांच्या बाबतीत मात्र आमचा निकाल देवळातील वडीलधाऱ्यांस रुचला नाही. 'डोरेमॉन' या निळ्या यांत्रिक मांजराचा लेख आम्ही ठेवला. फुजिको एफ. फुजिओ या नावाने चित्रे काढणाऱ्या कलावंताच्या या पात्रावर जपानात गंभीर लेखन झाले आहे. २००८ साली त्या देशाच्या परराष्ट्र खात्याने त्यास चित्रमालिकांचा राजदूत नेमले. आणि आमच्या घरोघरची मुले त्याची हिंदी बोली ऐकतच मोठी झाली आहेत. साक्षीदार आहेत आणि वाचकही आहेत. परंतु त्याच्या खिशातून निघणाऱ्या एकेका यंत्रावर स्वतंत्र लेख नको. उरलेल्या चौदा पात्रांपैकी अकरांचा समावेश त्या त्या मालिकेच्या लेखात होतो. विषय हलका की भारदस्त, यावर आम्ही निकाल दिला नाही. ज्यावर चार परिच्छेद प्रामाणिकपणे लिहिता येतात तो विषय लेखास पात्र, आणि ज्यावर येत नाहीत तो दुसऱ्या लेखातील परिच्छेद, असा हिशेब आम्ही धरला.

आता देवतांकडे वळू. कारण आमच्या वाचकांचे मन येथेच अडकणार. बेन्झाइतेन ही जपानी देवता म्हणजे मूळची सरस्वती होय. सुवर्णप्रभाससूत्रासारख्या बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे तेथे पोचली. वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा नावाचे तंतुवाद्य आहे. जळाशी तिचे नाते मात्र सुटलेले नाही, आणि एनोशिमा, चिकुबुशिमा व इत्सुकुशिमा ही तिची तिन्ही विख्यात स्थाने बेटांवर आहेत. कांगितेन हा गजमुख देव म्हणजे गणपती. त्याची मूर्ती बहुधा आलिंगन दिलेल्या युगुलाची असते व ती गुप्त ठेवलेली असते. टोकियोच्या आसाकुसा भागातील मात्सुचियामा येथे त्यास मुळा अर्पण करतात, आणि क्योतोत त्याच्या नैवेद्याची जी तळलेली, आत सारण भरलेली मिठाई मिळते ती पाहून कोणासही मोदकाची आठवण व्हावी. शिंगोन व तेंदाइ पंथांत होम आजही होतो. त्यास ते 'गोमा' म्हणतात. इ. स. ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. जपानी वर्णमालेचा 'अ, इ, उ, ए, ओ' हा क्रम संस्कृत वर्णविचारावरून आला आहे, हेही विद्वानांस मान्य आहे.

ही माहिती आम्ही पायरीवर सांगितली तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी कोंकणीत विचारले, "म्हळ्यार ती आमगेलीच सरस्वती न्हंय?" आम्ही म्हटले, "आमगेली, आनी तांगेलीय." या दोन शब्दांत कोशकाराचे सारे पथ्य आहे. विद्यार्थ्याने आपल्या यादीत 'जपानी गणपती' असे लिहिले होते. तो मथळा आम्ही बदलून 'कांगितेन' असा केला. सहस्राधिक वर्षे जे लोक त्या देवतेस भजत आले, त्यांनी दिलेले नाव मथळ्यास हवे. तिच्या भारतीय मुळाचे विवेचन लेखात यावे, आणि तेही ज्यांनी चिनी व जपानी ग्रंथ तपासले त्यांच्या आधाराने. आपला गणपती तेथे गेला आणि बिघडला, अशा सुरात लिहिलेला लेख आमच्या अभिमानास गोड लागेल. परंतु तो जपानविषयी काहीही सांगणार नाही. आम्हां सीमाभागातील लोकांस तर हे अधिक कळावयास हवे. आमच्या शहराचे नाव बेळगाव की बेळगावी, हा प्रश्न येथे नुसता शुद्धलेखनाचा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून तो घराघरात बोलला जात आहे, आणि २०१४ साली सरकारी नाव बदलल्यावरही मिटलेला नाही. आपले नाव दुसऱ्याने आपल्याला न विचारता लिहिले की कसे वाटते, हे जो जाणतो त्याने दुसऱ्याच्या देवाचे नाव लिहिताना हात जपून चालवावा.

तथापि, केवळ आपल्याशी नाते आहे तेवढाच जपान घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. तसे केले तर कोशाचा आरसा होईल, आणि आरशात स्वतःखेरीज दुसरे कोणी दिसत नाही. यादीतील 'मिनामाता रोग' हा विषय आम्ही सर्वांत वर नेला. एका रसायनाच्या कारखान्याने उपसागरात सोडलेल्या सांडपाण्यातील पाऱ्याने मासे विषारी झाले, ते खाणारी कोळ्यांची कुटुंबे पांगळी झाली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि पुढे अनेक वर्षे न्यायालयांत नुकसानभरपाईचे दावे चालले. या विषयाचे आमच्या देवाधर्माशी वा भाषेशी कोणतेही नाते नाही. परंतु नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसास तो वाचण्याचे कारण आहे. वाचकाच्या मनात जो प्रश्न आहे किंवा असावयास हवा, त्याच्यापर्यंत विषयाची वाट पोचते काय, एवढेच पाहावे.

याच कसोटीने, विद्यार्थ्यास न सुचलेले काही विषय आम्ही स्वतः जोडले. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मध्ययुगीन दख्खनमधील गाव, वतन व शेतकरी यांचा मराठी कागदपत्रांच्या आधारे अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९९१ साली, ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. वतनाच्या दाव्यांची जुनी दप्तरे ज्यांनी चाळली आहेत अशा आमच्या व्यवसायबंधूंनी तो अवश्य पाहावा. दुसरे नाव मुनेओ तोकुनागा यांचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून १९४३ मध्ये देहावसान होईपर्यंत तिचे प्रमुख संपादकपद सांभाळले, आणि १९६६ साली ती संहिता पुरी झाली. तो सारा ग्रंथ संगणकावर आणण्याचे मूळ काम क्योतोच्या या प्राध्यापकांनी केले. आज महाभारतातील एखादा शब्द आपण क्षणात शोधतो तो त्यांच्या परिश्रमामुळे. जपानमधून मराठीत आलेल्या हायकूवरही स्वतंत्र लेख हवा. त्यात शिरीष पै यांचे नाव अग्रभागी असेल, हे सांगणे नलगे. चित्रमालिकांतील पंधरा पात्रे आठवणाऱ्या मुलास यांपैकी एकही नाव आठवले नाही, याचा दोष आम्ही त्यास देत नाही. ही नावे त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

आता राहिली लढाई, आणि तिच्याबरोबर ते खोडलेले नाव.

मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातून मणिपुरात घुसले. कोहिमाच्या वाटेवर सांगशाक नावाचे नागा गाव आहे. तेथील टेकडीवर हिंदी छत्रीधारी ब्रिगेडच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पाण्याचा तुटवडा, तारांचे कुंपण नाही, आणि समोर संख्येने मोठा शत्रू, अशा स्थितीत त्या तुकड्या २६ मार्चच्या रात्रीपर्यंत टिकल्या. जपान्यांचे जे दिवस तेथे खर्ची पडले ते कोहिमाच्या रक्षणास उपयोगी आले, असे इतिहासकार सांगतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या बेळगावात आहे. पहाटे त्या बाजूने बिगुल ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. परंतु सांगशाक हे नाव आम्ही स्वतः प्रौढपणी, एका इंग्रजी ग्रंथात प्रथम वाचले, हे येथे कबूल केले पाहिजे. या लढाईवर स्वतंत्र लेखन झाले आहे. शिवाय जपानच्या संरक्षण खात्याने १९६६ ते १९८० या काळात १०२ खंडांत आपला युद्धेतिहास छापला, त्यात इम्फाळच्या मोहिमेचीही हकीकत आहे. दोन्ही पक्षांची साक्ष उपलब्ध असलेला असा विषय विरळा. मराठीत जपानविषयी एकच लेख लिहावयाचा झाला, तर बेळगावच्या माणसाने तो यावर लिहावा.

आणि पणजोबा? मुलाने सांगितले ते असे. ते त्या पलटणीत होते. परत आल्यावर लढाईविषयी क्वचितच बोलत. तांब्यात उरलेले पाणी मात्र घरात कोणाला ओतू देत नसत. स्वतः नेऊन तुळशीला घालीत. एक पदक आहे. आजीला ऐकून ठाऊक असलेल्या चार गोष्टी आहेत. "एवढ्यावर लेख होईल का?" असे त्याने विचारले. आम्ही "नाही" म्हटले. मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे जे छापले गेले नाही ते घडलेच नाही काय?" असा प्रश्न त्याने केला, आणि न्यायालयात इतकी वर्षे काढूनही आम्हांस त्याचे उत्तर चटकन सुचले नाही.

उत्तर सुचले ते घरी आल्यावर. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमाने घेतली. तरी तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, हे तत्त्व कायम आहे. ज्ञानकोशाचा नियम याच्या नेमका उलट आहे. तेथे डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष दुय्यम, आणि ज्याने स्वतः काही पाहिले नाही पण अनेकांच्या साक्षी तोलल्या अशा इतिहासकाराचे वचन मुख्य. प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो. परंतु न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते. कोशात ती करणारा कोणी नाही. म्हणून जेथे उलटतपासणी आधीच होऊन गेली आहे, अशाच कथनावर कोशास विसंबावे लागते. पणजोबांची हकीकत खोटी आहे असे कोश म्हणत नाही. ती अजून कोणी तपासलेली नाही, एवढेच म्हणतो.

नियम बरोबर आहे, असे आमचे मत झाले. तरीही त्यात एक उणीव आहे, आणि ती आम्हांस सलते. हा नियम असे गृहीत धरतो की, जे तपासण्याजोगे आहे ते कोणीतरी, कोठेतरी तपासून छापतेच. टोकियोच्या स्थानकाविषयी ते खरे असेल. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांविषयी ते खरे नाही. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन वृत्तपत्रांनी टिपले म्हणून त्यावर आज लिहिता येते. त्याच गावांतून ब्रह्मदेशात गेलेल्या शिपायांचे कोणी टिपले नाही. नियम सर्वांस सारखा असला तरी छापखाने सर्वांच्या वाट्याला सारखे आलेले नाहीत. यावर तोड म्हणून नियम ढिला करावा, असे काही तरुण म्हणतात. ते आम्हांस मान्य नाही. ती वाट पुन्हा पोकेमॉनकडेच जाते, आणि ढिल्या नियमाचा लाभ मुकाट्या शिपायास न मिळता स्वतःची जाहिरात करणाऱ्यास मिळतो. तोड एकच आहे, आणि ती कष्टाची आहे. आधी साक्ष नोंदवावी, कागदाशी ताडून पाहावी, नावानिशी छापावी, आणि मग परक्या अभ्यासकाच्या हाती पडू द्यावी. कोशाचे काम त्यानंतरचे आहे.

विद्यार्थ्यास आम्ही तसे कळविले. पुढच्या खेपेस तो आला तेव्हा त्याच्याजवळ आजीच्या ट्रंकेतून निघालेले, कडा कुरतडलेले एक पुस्तक होते. पणजोबांच्या सैन्यातून मुक्ततेच्या वेळचे. त्यावर पलटणीचा क्रमांक वाचता येतो. यादीत आता चोवीस विषय राहिले आहेत, सांगशाकचा लेख त्याने लिहावयास घेतला आहे, आणि खोडलेले नाव त्या यादीत नाही. ते एका वेगळ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्या वहीत तो आजीच्या तोंडून ऐकलेले, दिनांक घालून, उतरवीत आहे.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी ब्रह्मदेशच्या मोहिमेतील पत्रे, पुस्तके वा छायाचित्रे असतील, तर त्यांनी ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची एकेक प्रत या मासिकाच्या कार्यालयाकडे पाठवावी. ती त्या मुलाकडे पोचविण्याचे आम्ही पत्करले आहे.